नव्या पुस्तकावर लेखकाशी गप्पा: पहिल्यांदाच मुलाखत घेणाऱ्यांसाठी

नवी कादंबरी किंवा नवं चरित्र बाजारात आलं की ग्रंथालय, वाचनकट्टा किंवा महाविद्यालयाचं वाङ्मय मंडळ लेखकाला बोलावतं. मुलाखत घेण्याचं काम मात्र बऱ्याचदा "तुझं वाचन दांडगं आहे, तूच घे" असं म्हणून एखाद्या नवख्याकडे येतं. दांडगं वाचन इथे फारसं कामाला येत नाही. कामाला येतं ते हे एकच पुस्तक बारकाईनं, दोनदा वाचलेलं असणं. पुढचं जवळजवळ सगळं त्या दुसऱ्या वाचनातून निघतं.

तीन आठवडे आधी: प्रत आणि वाचन

प्रकाशकाकडे अभिप्रायार्थ प्रत मागा. पुस्तक अजून छापखान्यात असेल तर बहुतेक प्रकाशक पीडीएफ देतात. पीडीएफवरून टिपणं काढताना एक खबरदारी घ्या. शेवटच्या मुद्रितशोधनात मजकूर पुढेमागे सरकतो, आणि तुमचं पान ११२ छापील प्रतीत ११६ होऊन बसतं. मंचावर लेखक पान उलटत राहतो, सभागृह ताटकळतं. म्हणून पान क्रमांकाबरोबर प्रकरणाचं नाव आणि उताऱ्याचे पहिले चार शब्द लिहून ठेवा. छापील प्रत आली की त्याच दिवशी क्रमांक दुरुस्त करा.

अडीचशे पानांची कादंबरी सावकाश वाचायला सात ते आठ तास लागतात. दोनदा म्हणजे पंधरा तास. शेवटच्या दोन रात्रींत हे बसत नाही, म्हणून तीन आठवडे आधी सुरुवात करा.

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि न उघडता अर्धं पान लिहा: कोणता प्रसंग डोळ्यांसमोर राहिला, कुठे कंटाळा आला, कुठे पटलं नाही. दुसरं वाचन कागदी पट्ट्या घेऊन करा. भाषेसाठी एक रंग, शंकेसाठी दुसरा, आणि लेखकाच्या तोंडून ऐकावासा वाटणाऱ्या उताऱ्यासाठी तिसरा. शेवटी पुस्तकातून तीस-चाळीस पट्ट्या बाहेर डोकावल्या पाहिजेत. पाच-सहाच निघाल्या तर वाचन घाईत झालंय.

आगेमागेची पानं नवखे लोक हमखास सोडतात. अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, मुखपृष्ठकाराचं नाव, मागची शब्दसूची, सगळं वाचा. ऋणनिर्देशात "या कादंबरीचा आधीचा खर्डा अमुक दिवाळी अंकात आला होता" अशी ओळ सापडली तर तुमचं अर्धं काम झालं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या रिवाजामुळे मराठीत बरंच लेखन आधी दीर्घकथा म्हणून छापून येतं आणि मग वाढतं. ग्रंथालयातून तो अंक काढा आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. निवेदक बदललाय का? शेवट हलवलाय का? एखादं पात्र नव्यानं आलंय का? अशा प्रत्येक बदलामागे लेखकानं कधीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि निर्णयाबद्दल माणूस मोकळेपणानं, तपशिलात बोलतो.

प्रश्न कसा घडतो

समजा, एका कादंबरीत वडील गेल्यावर मुलगी वाड्यामागची विहीर बुजवून घेते. या प्रसंगावर प्रश्न काढायचाय.

पहिला प्रयत्न साधारण असा असतो: "या कादंबरीतून तुम्हाला काय सांगायचं आहे?" जे सांगायचं होतं त्यासाठी लेखकानं अडीचशे पानं खर्ची घातलेली असतात. ते एका वाक्यात मागितलं की तो "माणसाच्या एकटेपणाचा शोध" असं काहीतरी बोलतो, जे कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतं.

दुसरा प्रयत्न: "विहिरीचं प्रतीक का वापरलंत?" आता प्रश्न पुस्तकाजवळ आला, पण विहीर प्रतीक आहे हे तुम्हीच ठरवून टाकलं. लेखकाला आता फक्त हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं उरतं.

तिसरा: "नवव्या प्रकरणात विहीर बुजवायला मुरमाच्या किती ट्रॉल्या आल्या, मजुरी किती झाली, हे सगळं येतं. त्या दिवशी तिला काय वाटलं, हे मात्र एका ओळीतही नाही. हा प्रसंग पहिल्या खर्ड्यातही असाच होता?" हा प्रश्न जगात फक्त याच पुस्तकाला विचारता येतो. त्यात तुम्ही काय वाचलंत ते दिसतं, आणि उत्तरासाठी लेखकाला थेट लिहायच्या टेबलाशी परत जावं लागतं.

चाचणी सोपी आहे. प्रश्नातून पुस्तकाचं नाव काढा आणि दुसऱ्या पुस्तकाचं घाला. प्रश्न तसाच चालला तर तो फाडून टाका. "लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली", "आजच्या पिढीला काय संदेश द्याल", "लेखनाकडे कसे वळलात" हे तिन्ही या चाचणीत उडतात.

तासाभराच्या गप्पांसाठी बारा ते पंधरा प्रश्न तयार ठेवा. त्यातले सात-आठच विचारले जातील. प्रत्येक प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या वेगळ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कोपऱ्यात पान क्रमांक टाका. मोबाइलवर लिहू नका, स्क्रीन नेमका नको तेव्हा बंद होतो. शिवाय सुटे पुठ्ठे गप्पांच्या ओघात मागेपुढे करता येतात, यादी करता येत नाही.

घड्याळ लावून प्रत्येक प्रश्न मोठ्यानं म्हणून बघा. वीस सेकंदांच्या वर गेला तर त्यात प्रस्तावना घुसलीय, ती कापा. दोन प्रश्न एकात जोडले असतील तर सोडवा, कारण लेखक फक्त शेवटच्याचं उत्तर देतो आणि पहिला वाया जातो. "का"नं सुरू होणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा वाटतो. "निवेदन प्रथमपुरुषी का ठेवलंत?" यापेक्षा "निवेदन प्रथमपुरुषी ठेवायचं कधी ठरलं?" याचं उत्तर लांब आणि खरं येतं.

सुरुवातीचा पुठ्ठा सोपा आणि ठोस असू द्या: एखादी वस्तू, जागा, पुस्तकातलं पहिलं वाक्य. सगळ्यात अवघड प्रश्न चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ठेवा. तोवर लेखकाला कळलेलं असतं की समोरच्यानं पुस्तक मनापासून वाचलंय, आणि पटलं नाही तेही ऐकून घ्यायची त्याची तयारी असते.

कादंबरी असेल तर

तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, कथानक किती उघड करायचं. कार्यक्रमाला येणाऱ्या बहुतेकांनी पुस्तक वाचलेलं नसतं. साधारण पहिल्या एक तृतीयांशातल्या घटनांवर मोकळेपणानं बोलावं आणि त्यापुढच्या फक्त लेखकाच्या संमतीनं. कोणत्या प्रकरणापलीकडे जायचं नाही, हे त्याच्याशी बोलून पक्कं करा.

दुसरी, "हे तुमच्याच आयुष्यातलं आहे का?" हा प्रश्न. श्रोत्यांना तो हवा असतो आणि लेखकाला नको असतो, कारण हो म्हटलं तर घरच्यांपर्यंत जातं आणि नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. लेखिकांना तर तो फारच वेळा सहन करावा लागतो. त्याच्या मागचं कुतूहल खरं असतं, म्हणून वाट बदला: "या प्रसंगात आठवण कुठवर उपयोगी पडली, आणि कुठे बाजूला ठेवावी लागली?" यात कुणाचं खाजगी उघडं पडत नाही आणि लिहिण्याची प्रक्रिया बाहेर येते.

तिसरी, बोली. संवाद मालवणीत, अहिराणीत किंवा वऱ्हाडीत असतील आणि निवेदन प्रमाण मराठीत, तर ही सीमारेषा नेमकी कुठे ओढली ते विचारा. एखादं पात्र एका प्रसंगात बोली सोडून प्रमाण बोलायला लागतं का, ते शोधा. उतारा लेखकाकडूनच वाचून घ्या. बोलीतला हेल छापील अक्षरात उतरत नाही, तो आवाजातच ऐकू येतो. वाचन तीन ते चार मिनिटांचं, म्हणजे साधारण दीड ते दोन पानांचं असावं. त्याहून लांबलं की मागच्या रांगा चुळबुळ करू लागतात.

ललितेतर पुस्तक असेल तर

चरित्र, इतिहास, विज्ञान, प्रवास, शेती, अर्थकारण: इथे प्रश्न पुराव्याकडे न्यायचा. संदर्भसूची उघडा आणि बघा, कोणती कागदपत्रं वापरली, कुणाकुणाशी बोलणं झालं, कोणत्या दशकाबद्दल पुस्तक गप्प आहे. "हवा होता पण मिळालाच नाही, असा कोणता कागद?" या प्रश्नाला ललितेतर लेखक क्वचितच छोटं उत्तर देतो.

पुस्तकातला एखादा हिशेब स्वतः करून बघा. एकरी उत्पादन, अंतर, वय, तारखा. चरित्रनायकाचं जन्मसाल आणि शाळा सोडल्याचं वय जुळत नाही, असं काही सापडलं तर ते मंचावर फोडू नका. आधी फोनवर कळवा. पुढच्या आवृत्तीत चूक सुधारेल, आणि मंचावर लेखक स्वतःहून तिच्याबद्दल बोलेल.

हयात व्यक्तींबद्दल लिहिलं असेल तर छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवला का, कुणी हरकत घेतली का, हे विचारण्यासारखं आहे. पण हा विषय चालेल ना, याची आधी खात्री करा. काही वेळा प्रकरण वकिलांकडे असतं.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाला मूळ लेखकाचा प्रतिनिधी समजू नका. मूळातलं एक वाक्य आणि त्याचं मराठी रूप समोर ठेवून विचारा, हे असं कसं झालं. अनुवादकाचं सगळं कसब तिथे असतं.

आठवडाभर आधी: एक फोन

पंधरा मिनिटांचा फोन पुरतो. त्यात या गोष्टी ठरवा: उतारा कोणता, कथानक कुठवर सांगायचं, कोणते विषय नकोत, ध्वनिमुद्रण आणि नंतर शब्दांकन छापायला परवानगी आहे का. परवानगी दोन ओळींच्या संदेशातून लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेच्या निमित्तानं पुस्तकातला उतारा वापरायला मुभा आहे, पण आख्खं प्रकरण ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते.

माणसांच्या आणि गावांच्या नावांचे उच्चारही तेव्हाच विचारून घ्या. 'च' आणि 'ज'चे दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिपी त्यांच्यात फरक करत नाही. जांभूळगावातला 'ज' मंचावर चुकला की त्या भागातले श्रोते लगेच ओळखतात.

फोनवर मुलाखतीतले प्रश्न मात्र विचारू नका. एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगताना माणूस शब्द शोधतो, थांबतो, त्याला नवं काही सुचतं. तीच गोष्ट आठवड्यात दुसऱ्यांदा सांगताना ती आवरलेली आणि कोरडी होते, आणि मंचावर "परवा मी तुम्हाला म्हणालो तसं" ऐकू येतं. लेखकानं प्रश्नावली मागितली तर चार-पाच विषय पाठवा, वाक्यं पाठवू नका. लेखी प्रश्नांना लेखी उत्तरं येतात आणि मग तो ती वाचून दाखवतो.

संबोधनही तेव्हाच ठरवा. एरवी तुमच्यात अरे-तुरे असलं तरी मंचावर अहो-जाहो बरं, कारण "अरे, तुला आठवतं का" या बोलण्यातून दोनशे श्रोते बाहेर फेकले जातात. प्रत्येक वाक्याला "सर" किंवा "मॅडम" लावू नका. सुरुवातीला पूर्ण नाव, पुढे नुसतं "तुम्ही" पुरतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

संयोजकांशी वेळेचं बोलणं स्पष्ट करा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, परिचय, प्रकाशकांचं मनोगत हे सगळं आधी आलं तर गप्पांच्या वाट्याला शेवटची पंचवीस मिनिटं उरतात आणि श्रोत्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. सत्कारासह औपचारिक भाग दहा मिनिटांत आटपायचा, गप्पा पन्नास मिनिटं, श्रोत्यांचे प्रश्न पंधरा, आभार दोन. हे कागदावर लिहून सूत्रसंचालकाच्या हातात द्या. लेखकाचा परिचय तीन वाक्यांचा असावा, पुरस्कारांची आख्खी यादी निमंत्रणपत्रिकेवर जाऊ द्या.

खुर्च्या समोरासमोर किंवा अगदी शेजारी नकोत. साधारण काटकोनात, दोन हातांच्या अंतरावर ठेवा, म्हणजे लेखकाला तुमच्याकडेही बघता येतं आणि श्रोत्यांकडेही. मध्ये टेबल असेल तर गुडघ्याएवढं. त्यावर पाणी आणि पुस्तकाची एक प्रत, तीही खुणेची पट्टी लावलेली. मोठा पुष्पगुच्छ टेबलावर राहिला तर चेहरे झाकले जातात.

हातातला माइक तोंडासमोर सरळ धरला की भ, फ, प, ख या अक्षरांचे फटकारे बसतात, आणि मराठीत ही अक्षरं पावलोपावली येतात. माइक हनुवटीच्या बाजूनं तिरका, चार बोटांच्या अंतरावर धरा. कपड्याला लावायचा माइक असेल तर तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर. साडी असेल तर मोकळ्या पदरावर अजिबात नको: पदर सरकला की माइकही सरकतो आणि प्रत्येक हालचालीला खरखर येते. पदर जिथे पिन केलाय तिथे किंवा ब्लाउजच्या काठाला लावा. मंगळसूत्र, मण्यांची माळ किंवा ओढणी माइकवर घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका. कडक कांजी केलेला खादीचा कुर्ताही कुरकुरतो, तिथे माइक जाकिटावर जास्त शांत राहतो.

ध्वनिमुद्रण दोन स्वतंत्र यंत्रांवर करा. एक सभागृहाच्या मिक्सरला, म्हणजे सगळे माइक जिथे येऊन मिळतात त्या यंत्राला, जोडलेलं आणि दुसरं टेबलावर, फोन असेल तर एअरप्लेन मोडमध्ये. यंत्राच्या मोजपट्टीवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे लेखक अचानक मोठ्यानं हसला तरी आवाज फाटणार नाही. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एका चॅनेलची वेव्ह (.wav) फाइल तासाला साधारण अर्धा जीबी होते, तेवढी जागा आधी मोकळी करा. सुरू करण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करा. पंखा, रस्ता, वातानुकूलन यांचा जो आवाज मागे सतत राहतो, तो नंतर स्वच्छ करायला हा तुकडा लागतो.

लेखक परगावी असेल आणि गप्पा इंटरनेटवरून होणार असतील तर त्याला त्याच्या फोनवरच्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज वेगळा मुद्रित करायला सांगा. सुरुवातीला दोघांनी आकडे मोजून एकदम टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फायली त्या टाळीवर जुळवता येतात. नेटवर्क मध्येच गेलं तरी त्याच्याकडचा आवाज शाबूत राहतो.

प्रत्यक्ष गप्पा

नवख्यांची मोठी चूक अशी की उत्तर चालू असताना ते पुढचा पुठ्ठा वाचतात. लेखक म्हणतो, "ते प्रकरण मी तीनदा जाळलं," आणि पुढचा प्रश्न येतो, "आता मुखपृष्ठाकडे वळू या." सभागृहातल्या प्रत्येकाला "जाळलं म्हणजे?" विचारायचं होतं. पुठ्ठे पालथे ठेवा. उत्तरातला जो शब्द टोचतो तो उचला आणि तेवढाच परत द्या: "जाळलं?" एका शब्दाच्या अशा प्रश्नाला लांबलचक तयारी केलेल्या प्रश्नापेक्षा जास्त मिळतं.

उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल, श्रोत्यांना वाटत नाही. बऱ्याचदा लेखक "म्हणजे खरं सांगायचं तर…" म्हणून पुन्हा सुरू करतो, आणि जपून ठेवलेलं तेव्हा बाहेर येतं. प्रत्येक वाक्याला "हं, हो, बरोबर" करू नका. ते सगळं मुद्रित होतं आणि नंतर काढता येत नाही. मान हलवणं पुरतं.

उत्तर सहा-सात मिनिटं लांबलं तर मध्ये तोडू नका, श्वासाची जागा बघा आणि त्यांचाच एखादा तपशील घेऊन पुस्तकाकडे वळवा: "तुम्ही आत्ता गिरणीचा भोंगा म्हणालात, तो पान ४० वर येतो. ते पान वाचाल का?" वाचायला सांगणं ही सगळ्यात सभ्य आणि हमखास वाट. उलट उत्तरं तुटक येत असतील तर "कसं वाटलं" सोडा आणि ठोस गोष्टींवर या: कोणत्या वेळी लिहिता, हातानं की संगणकावर, पहिला वाचक कोण, त्यानं काय कापायला लावलं. "ते पुस्तकात आलंच आहे" असं उत्तर आलं तर मान्य करा आणि पुस्तकात काय आलं नाही ते विचारा.

श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी चिठ्ठ्या वाटा. माइक फिरवला की पहिला श्रोता प्रश्नाआधी चार मिनिटांचं भाषण करतो, आणि वीस जणांतल्या तिघांनाच संधी मिळते. चिठ्ठ्यांमुळे लाजाळू माणसाचा प्रश्नही पोचतो. दोन चिठ्ठ्यांचा विषय एक असेल तर दोन्ही नावं घेऊन एकत्र विचारा.

शब्दांकन

घरी पोचताच फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. फाइलला तारीख आणि लेखकाचं आडनाव द्या. तासाभराच्या गप्पांचे साधारण सात हजार शब्द होतात आणि ते हातानं उतरवायला चार ते सहा तास लागतात. यंत्राकडून उतरवून घेतलं तरी विशेषनामं, बोलीतले शब्द आणि अनुस्वार कान लावून तपासावेच लागतात.

सात हजारांतून दोन-अडीच हजार शब्द छापायचे म्हणजे पुष्कळ कापायचं. पुनरुक्ती आणि अर्धवट वाक्यं काढा, प्रश्नांचा क्रम बदला, हरकत नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावायचं नाही, आणि जे वाक्य बोललंच गेलं नाही ते घालायचं नाही. बोलण्यातलं "केलं, गेलं, म्हटलं" तसंच ठेवा. "केले, गेले, म्हटले" केलं की लेखकाचा आवाज जाऊन परिपत्रकाचा येतो.

मसुदा लेखकाला दोन दिवसांच्या मुदतीनं पाठवा आणि तपासणी कशाची ते लिहा: नावं, सालं, चुकीचं ऐकलेलं. बोललेलं एखादं वाक्य त्याला मागे घ्यायचं असेल आणि त्या वाक्यामुळे कुणा तिसऱ्या माणसाला इजा होत असेल, तर काढा. केवळ जास्त गंभीर दिसावं म्हणून सगळी मुलाखत नव्यानं लिहून आली तर फोन करून मूळ ध्वनिमुद्रणातला तो भाग ऐकवा. बहुतेक लेखक स्वतःचा आवाज ऐकल्यावर मूळ वाक्याकडे परत येतात.

छापताना शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, असल्यास अनुवादक, मुखपृष्ठकार, प्रकाशन, पानं आणि किंमत द्या. किंमत आणि पानं छापील प्रतीवरून घ्या, पीडीएफवरून नाही.